नवा लॅपटॉप, १२ दिवसांत ९ वेळा बंद: फॉरमॅट मारायचा की बदलून घ्यायचा?

नक्षीकाम | सोमवार, रात्री ९.१०

सोलापुरातल्याच दुकानातून घेतलेला नवा लॅपटॉप आहे. इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर, तेरावी पिढी, एच सिरीज. मूळची ८ जीबी रॅम बोर्डावरच आहे, दुकानदारानं रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ जीबी टाकून दिली. ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११, ६५ वॅटचा चार्जर. काम म्हणजे चादर-टॉवेलच्या जॅकार्ड नक्ष्या, टॅली आणि ब्राउझर. गेम अजिबात नाहीत.

१२ दिवसांत ९ वेळा बंद पडला. कधी पडद्यावर एररचा संदेश येतो, टक्के मोजत शंभरला जातो आणि रीस्टार्ट होतो. कधी काहीच न दाखवता दिवा गेल्यासारखा बंद. घरी जुळे सोलापूरला झालंय आणि अशोक चौकाकडच्या कारखान्यातही झालंय. दुकानदार म्हणतो विंडोज करप्ट आहे, आणून द्या, फॉरमॅट मारून देतो. उद्या नेऊ का?

विजापूरनाका | सोमवार, रात्री ९.३५

उद्या नेऊ नका ओ ताई. फॉरमॅट मारला की सगळ्यात आधी पुरावा जातो. नऊ वेळा काय झालं याची नोंद विंडोजनं ठेवलेली असते, ती त्याच सी ड्राइव्हवर असते. ती पुसली गेली की पुढच्या वेळी दुकानदार म्हणणार, "आमच्याकडे तर नीट चालला." मग तुमच्या हातात काही नाही.

आज रात्री एवढं करा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डर, त्यात मिनीडंप नावाचा फोल्डर. आतल्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करा. एकेक फाइल (तिला डंप म्हणतात) एकेका क्रॅशची असते, नावातच तारीख असते. मग स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, डाव्या बाजूला विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. उजवीकडे "सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज" आहे, तेही पेनड्राइव्हवर.

त्यानंतर स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप करा, "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" येईल. तारखेनुसार तक्ता दिसतो, लाल फुलीवर क्लिक केलं की खाली काय बंद पडलं ते येतं. त्याचा मोबाइलनं फोटो काढून ठेवा.

आणि एक सेटिंग बदला. स्टार्टमध्ये "ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज", मग स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" ही टिक काढा. म्हणजे एररचा पडदा आला की तो तसाच थांबेल आणि खालचा कोड वाचता येईल. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा येतो, त्यामुळे लोकांना वाटतं डिस्प्ले गेला. डिस्प्ले नसतो गेलेला. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) कुणी बंद केलेली नाही ना, तेही बघा. सी ड्राइव्हवर पेजफाइल नसेल तर डंप लिहिलाच जात नाही.

कडकभाकरी | सोमवार, रात्री १०.०२

तेरावी पिढी म्हणालात ना? इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत प्रोसेसरच खराब होतात अशी बातमी होती. सरळ बदलून मागा.

डफरीनचौक | सोमवार, रात्री १०.२०

कडकभाकरी, ती भानगड वेगळी. इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलेला व्होल्टेजचा दोष डेस्कटॉपच्या प्रोसेसरांचा होता. लॅपटॉपच्या प्रोसेसरांना तो लागू नाही असं इंटेलनंच सांगितलंय. ताईंनी ते कारण सांगून दुकानात भांडण मांडलं तर दुकानदार दोन मिनिटांत खोडून काढेल आणि खरी तक्रारही हलकी होईल.

ताई, कॉपी झाली की एक काम करा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगवर "फिल्टर करंट लॉग" करून इव्हेंट आयडी ४१ टाका. सोर्स "कर्नल-पॉवर" असेल. अशा जेवढ्या नोंदी येतील त्या प्रत्येकीवर डबल क्लिक करून "डिटेल्स" टॅब उघडा. तिथं "बगचेक कोड" समोरचा आकडा आणि "पॉवर बटन टाइमस्टॅम्प" समोरचा आकडा लिहून घ्या. शेजारी वेळ आणि लॅपटॉप त्या वेळी कुठं होता ते लिहा. नऊ ओळींचा तक्ता इथं टाका, मग बोलू.

नोंद ४१ दिसली की पुष्कळ जण "पॉवर सप्लाय गेला" म्हणून मोकळे होतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. का बंद झालं ते आतल्या आकड्यावरून कळतं.

नक्षीकाम | मंगळवार, सकाळी ७.४५

सगळं कॉपी केलं. पॉवर बटनाचा आकडा नऊही ठिकाणी ०. बाकी असं:

२६, रात्री ९.१५, घर
०, दुपारी २.१०, कारखाना
८०, सकाळी ८.३०, घर
०, दुपारी ३.३५, कारखाना
२६, दुपारी १२.०५, कारखाना
५९, रात्री १०.४०, घर
०, दुपारी १.५०, कारखाना
०, दुपारी ४.०५, कारखाना
८०, रात्री ९.५०, घर

मिनीडंपमध्ये पाचच फाइली आहेत.

डफरीनचौक | मंगळवार, सकाळी ८.३०

छान तक्ता केलात. ताई, हा एक आजार नाही, दोन आहेत. म्हणूनच कुणाला धड सांगता येत नव्हतं.

पाच क्रॅश कोडवाले आणि डंपही पाच, म्हणजे हिशेब जुळला. इथला आकडा दशमान असतो. नेटवर शोधताना तो षोडशमान करून घ्यावा लागतो. २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट. ८० म्हणजे ५०, पेज फॉल्ट. ५९ म्हणजे ३बी, सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. एखादा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर सहसा तोच तो कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव पुन्हा पुन्हा येतं. इथं कोड बदलतोय, वेळ बदलतेय, जागा बदलतेय. असं दिसलं की पहिला संशय रॅमवर. तुमच्याकडे तर दुकानात टाकलेली रॅम आहे.

कोड २९२ असता तर १२४, म्हणजे प्रोसेसर किंवा बोर्डाकडं बघितलं असतं. १२२ असता तर ७ए, म्हणजे आधी एसएसडी. १५९ असता तर ९एफ, म्हणजे झोपेतून उठताना अडखळणारा ड्रायव्हर. तुमच्या यादीत यातलं काही नाही. डंप दाखवणारी छोटी सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा विंडोजच्या कर्नलचंच, म्हणजे गाभ्याचंच, नाव दोषी म्हणून लाल करतात, त्यावर जाऊ नका. क्रॅश कर्नलमध्ये लक्षात येतो म्हणून त्याचं नाव येतं.

उरलेले चार शून्यवाले. शून्य म्हणजे विंडोजला काही लिहायला क्षणभरही वेळ मिळाला नाही. बटन दाबून धरलेलं नाही, ते तुम्ही बघितलंत. चारही कारखान्यात आणि चारही दुपारी दीड ते सव्वाचारच्या मध्ये. सध्या एप्रिल आहे आणि सोलापूर आहे. उष्णता किंवा वीज, दोन्ही तपासू. आधी रॅम.

कंबरतलाव | मंगळवार, सकाळी ९.१५

रॅमचं मी सांगतो. घाई करू नका, नीट वेळ द्या.

सगळ्यात आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, किल्ली. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की बहुतेक वेळा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं तर चालू होताना ४८ आकडी किल्ली मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. वेबसाइटवर लॉगिन करून किल्ली कागदावर उतरवा. स्क्रीनशॉट त्याच लॅपटॉपवर ठेवला तर कुलपाची चावी कपाटात ठेवून कपाट बंद केल्यासारखं होईल.

मग टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. उजवीकडे खाली वेग दिसतो. रॅम डीडीआर४ प्रकारची असेल आणि दोन्ही ३२०० च्या असतील तर ३२०० दिसला पाहिजे. २६६७ दिसला तर स्लॉटमधली रॅम कमी वेगाची आहे आणि दोन्ही त्या वेगाला उतरल्या आहेत. नुसतं उतरणं चूक नाही, पण तुम्ही ३२०० चे पैसे दिले असतील तर ती फसवणूक आहे. सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबवर मॉड्यूलचा मेक आणि पार्ट नंबर येतो, तो लिहून घ्या. त्याच सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबवर १६०० च्या आसपास आकडा दिसेल. घाबरू नका, डीडीआरमध्ये त्याची दुप्पट धरायची असते.

आता टेस्ट. विंडोजमध्ये स्वतःची मेमरी डायग्नोस्टिक आहे. स्टार्टमध्ये "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" टाइप करा, रीस्टार्ट होतो, टेस्ट सुरू झाली की एफ१ दाबून "एक्स्टेंडेड" निवडा. निकाल पडद्यावर निसटला तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये "मेमरी डायग्नोस्टिक्स-रिझल्ट्स" या नावानं मिळतो. पण ही टेस्ट सौम्य आहे. तिनं दोष दाखवला तर रॅममध्ये नक्की गडबड आहे. नाही दाखवला तर काहीच सिद्ध होत नाही.

खरी टेस्ट मेमटेस्ट८६. पेनड्राइव्हवर टाकायची, पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो हे लक्षात ठेवा आणि ज्यावर डंप कॉपी केलेत तो वापरू नका. चार्जर लावून, बूट मेन्यूतून पेनड्राइव्ह निवडायचा. मोफत आवृत्ती चार पास (फेऱ्या) करते, १६ जीबीला तीन ते पाच तास धरा. रात्री लावून झोपा. एक जरी लाल ओळ आली तरी नापास. "एकच एरर आहे, चालेल" असं रॅमच्या बाबतीत नसतं. तो एक बिट कधी टॅलीच्या आकड्यात बसेल, कधी तुमच्या नक्षीच्या फाइलीत.

एरर आली तर लगेच "रॅम गेली" म्हणू नका. नीट न बसलेली रॅमही अशीच वागते. दुकानात तुमच्यासमोर उघडून घ्या. चार्जर काढलेला, बायोसमध्ये बॅटरी डिस्कनेक्टची सोय असेल तर ती वापरलेली, नसेल तर मागचं झाकण उघडल्यावर बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवलेला. मग रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढल्या की ती तिरकी उभी राहते. बसवताना तशीच तिरकी, सोनेरी पट्टीचा बारीकसा भाग जेमतेम दिसेल इथवर आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही क्लिपा "टक" वाजल्या पाहिजेत. एकच वाजली तर ती बसलेली नाही.

आणि नव्या रॅमला कुणाला खोडरबर घासू देऊ नका. वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, शिवाय रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड.

पूर्वभाग | मंगळवार, सकाळी १०.४०

चार शून्यांबद्दल. ताई, कारखान्यात लॅपटॉप ठेवता कशावर?

नक्षीकाम | मंगळवार, सकाळी ११.०५

ऑफिसच्या टेबलावर नमुन्यांच्या घड्या असतात. त्यावरच ठेवते, जागा नसते. कधी चादर, कधी टॉवेल.

पूर्वभाग | मंगळवार, सकाळी ११.३०

तिथंच बघा आता. लॅपटॉप उलटा करा. मागच्या झाकणावर जाळीच्या फटी आहेत ना, तिथून पंखा हवा आत ओढतो. रबराचे पाय लॅपटॉपला टेबलापासून जेमतेम काही मिलिमीटर वर धरतात, तेवढ्या फटीवर सगळं थंड होणं अवलंबून असतं. घडीच्या चादरीत ते पाय रुततात आणि जाळी कापडाला चिकटते. टॉवेल तर आणखी वाईट, त्याचे फासे जाळीत घुसतात.

दुसरं, मागाची रुई. लूमच्या शेडला लागून ऑफिस असेल तर हवेत सुताचे बारीक तंतू सतत असतात. पंख्यानं ओढलेले तंतू पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये अडकून थर धरतात, नमद्यासारखा. बाहेरून लॅपटॉप लख्ख दिसतो आणि आतून हवा जायला वाट नसते. बारा दिवसांत पूर्ण थर होणार नाही, पण जाळीवर रुई दिसायला लागली असेल. बोट फिरवून बघा.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सावलीतच ४० च्या पुढं जातं. पत्र्याच्या शेडमध्ये किती होतं ते तिथं बसणाऱ्याला विचारा.

मोजायचं कसं: एचडब्ल्यू-इन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, "सेन्सर्स ओन्ली" करून उघडा. खाली लॉगिंगचं बटन आहे, दोन सेकंदांचा अंतराल ठेवून फाइलीत नोंद सुरू करा आणि रोजचं काम करा. मुद्दाम चादरीवर ठेवून तापवू नका. टेबलावरच्या घड्या काढा, लाकडी पृष्ठभागावर ठेवा, मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचला आणि दुपारी दोन ते चार त्यावर काम करा. "कोअर मॅक्स" आणि "थर्मल थ्रॉटलिंग" या दोन ओळी बघायच्या.

एक गोष्ट नीट समजून घ्या. तापलेला प्रोसेसर लगेच बंद होत नाही. या पिढीच्या एच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, तिथं पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तेवढ्यानंही भागलं नाही तर बोर्डावरचा नियंत्रक वीज तोडतो, आणि तेव्हा विंडोजला नोंद करायला वेळ नसतो. म्हणून शून्य. लाकडी टेबलावर, हवा मोकळी असतानाही बंद पडला तर मात्र दोष लॅपटॉपचा: पंखा, हीटसिंकचे (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या भागाचे) स्क्रू किंवा त्याखालची पेस्ट. ते वॉरंटीत बसतं. म्हणून ही टेस्ट दुकानात जायच्या आधी हवी.

तीनपिन | मंगळवार, दुपारी १.१५

विजेची बाजू मीही सांगतो, कारण कारखान्यात सगळे आधी व्होल्टेजलाच दोष देतात.

लॅपटॉपला बॅटरी असते. लाइट गेली, व्होल्टेज पडलं, शेजारच्या मोटारीनं झटका दिला, तरी लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला पाहिजे. चार्जरवर बघा, इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल. १८० ला उतरलेल्या लाइनवरही तो चालतो. त्यामुळे "लाइट कमी-जास्त होते म्हणून बंद पडतो" हे डेस्कटॉपला लागू, लॅपटॉपला नाही. खात्री करायची तर बॅटरी ६० टक्क्यांच्या आसपास असताना चालू कामात चार्जरची पिन काढा. काही झालं नाही तर वीज बाद. बंद पडला तर बॅटरीचा कनेक्टर सैल किंवा बॅटरीच सदोष.

चार्जर मूळचाच आहे ना, तेही बघा. गोल पिनचा ६५ वॅट म्हणजे साधारण १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. टाइप-सी असेल तर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. टाइप-सीला मोबाइलचा चार्जर लावला तर लॅपटॉप चार्ज होताना दिसतो, पण कामाच्या भारात बॅटरी उतरत जाते.

क्रॅशशी संबंध नसला तरी अर्थिंग तपासून घ्याच. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या येतात का? तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या कन्व्हर्टरमधून लावला की असं होतं. मल्टिमीटरनं सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा. दोन्ही जवळपास सारखे, २३० च्या आसपास यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वायरमनला बोलवा. सर्ज प्रोटेक्टरही अर्थिंगशिवाय अर्धा निकामी असतो. आणि लॅपटॉपचं सॉकेट मागांच्या मोटारींच्या लाइनवर घेऊ नका, ऑफिसची लाइन वेगळी ठेवा.

नक्षीकाम | बुधवार, सकाळी ८.२०

रात्रीची टेस्ट संपली. दुसऱ्या पासमध्येच लाल ओळी सुरू झाल्या, शेवटी ४३ एरर. वेग ३२०० दाखवतो. किल्ली कागदावर लिहिली आहे. कारखान्यात पिन काढून बघितली, काही होत नाही. चार्जर मूळचाच, मुंग्या येत नाहीत.

जाळीवर बोट फिरवलं तर पांढरी रुई निघाली.

कंबरतलाव | बुधवार, सकाळी ८.५०

४३ पुरेशा झाल्या. पडद्याचा फोटो काढून ठेवा. आता दुकानात जा, पण फॉरमॅटला नाही. सांगायचं एवढंच: "स्लॉटमधली रॅम काढा, नुसत्या बोर्डावरच्या ८ जीबीवर टेस्ट लावा." बोर्डावरची पास झाली तर स्लॉटमधली पुन्हा नीट बसवून दुसऱ्यांदा टेस्ट. तेव्हाही एरर आल्या तर रॅम बदलायची. बोर्डावरचीच नापास झाली तर मामला मोठा आहे. ती वेगळी बदलत नाही, मदरबोर्डच बदलावा लागतो आणि ते कंपनीच्या वॉरंटीतच व्हायला हवं. लॅपटॉप तिथं ठेवून येणार असाल तर तोच क्रम कागदावर लिहून द्या.

पावती_जपा | बुधवार, सकाळी ९.४०

दुकानात जायच्या आधी पावती बघा. त्यावर ८ जीबी रॅम वेगळी ओळ म्हणून लिहिली आहे का? कंपनीची वॉरंटी कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपवर असते. दुकानदारानं वरून टाकलेल्या रॅमची जबाबदारी दुकानदाराची किंवा त्या रॅमच्या कंपनीची. ओळ नसेल तर आज लिहून घ्या, पार्ट नंबर आणि सिरियल नंबरसकट.

बोलणं तोंडी ठेवू नका. नऊ क्रॅशचा तक्ता, टेस्टचा फोटो आणि "रॅम बदलून द्यावी" हे एक वाक्य, असं दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर पाठवा. लॅपटॉप ठेवून आलात तर जॉबशीट घ्या आणि तीत "फॉरमॅटची विनंती" असं लिहू देऊ नका. तक्रार त्यांच्या शब्दांत नको, तुमच्या शब्दांत हवी.

दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याच्या पुढं ग्राहक संरक्षण कायदा २०१९. या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे ऑनलाइन घेतलेल्या वस्तूसाठीही सोलापूर सोडून जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं. बहुतेक वेळा एवढं लांब जावं लागत नाही, कागद नीट असले की काउंटरवरच काम होतं.

नक्षीकाम | गुरुवार, रात्री ८.३०

दुकानात कालच समोर उघडून घेतली. बोर्डावरच्या ८ जीबीवर चार पास, एकही एरर नाही. स्लॉटमधली पुन्हा बसवली, दोन्ही क्लिपा वाजल्या, तरी पहिल्याच पासला ११ एरर. दुकानदारानं काही न बोलता बदलून दिली, पावतीवर पार्ट नंबर लिहून दिला. नव्या रॅमवर रात्रभर चार पास, शून्य एरर.

आज दुपारी लाकडी फळीवर, मागं दोन पट्ट्या लावून, दोन ते चार काम केलं. कोअर मॅक्स जास्तीत जास्त ९१, थ्रॉटलिंग "नो". बंद पडला नाही. परवा मंगळवारी घड्या काढायच्या आधी अर्धा तास लॉगिंग चालू राहिलं होतं, त्यात शेवटच्या दहा मिनिटांत कोअर मॅक्स सतत १०० आणि थ्रॉटलिंग "येस" आहे.

पूर्वभाग | गुरुवार, रात्री ८.५५

म्हणजे हीटसिंक ठीक आहे, हवा बंद होत होती. पट्ट्या काढू नका. आठवड्याला एकदा लॅपटॉप बंद करून, मऊ ब्रशनं जाळी बाहेरून झाडा. दर चार-सहा महिन्यांनी आतून साफ करून घ्या, लूमशेजारी एक वर्ष वाट बघू नका. साफ करणाऱ्याला सांगा, ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीनं धरून ठेवायची. वाऱ्यानं गरगर फिरला तर बेअरिंग जातं. आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, स्टॅटिक चार्जचा धोका असतो.

विजापूरनाका | गुरुवार, रात्री ९.१०

आता फॉरमॅटची गरज नाही, पण विंडोज तपासा. बारा दिवस सदोष रॅममधून अपडेट लिहिले गेलेत, एखादी सिस्टिम फाइल बिघडलेली असू शकते. टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिझम या विंडोजच्याच दुरुस्ती-साधनाची "रिस्टोअर हेल्थ" आज्ञा चालवा, तिला इंटरनेट लागतं. ती संपल्यावर एसएफसी या सिस्टिम फाइली तपासणाऱ्या साधनाची "स्कॅन नाऊ". क्रम हाच, कारण एसएफसी ज्या साठ्यातून फाइली दुरुस्त करतं तो साठा डिझम दुरुस्त करतं. ड्रायव्हर आणि बायोस लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या, ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअरं टाकू नका.

डफरीनचौक | गुरुवार, रात्री ९.४०

ताई, एक काम राहिलंय आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. या बारा दिवसांत सेव्ह केलेल्या नक्ष्यांच्या फाइली एकेक उघडून बघा. रॅमचा बिघाड फाइलीत मुकाट जातो. फाइल उघडते, पण एखाद्या ओळीत चार टाके उलटे असतात आणि ते मागावर चढल्यावर कळतं. ज्या नक्ष्या अजून पंचिंगला किंवा मशीनवर गेल्या नाहीत त्या आधी बघा. पूर्ण रिपीट (नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) शंभर टक्के झूमवर, डावीकडून उजवीकडे.

टॅलीचंही तसंच. बारा दिवसांपूर्वीचा बॅकअप जपून ठेवा, त्यावर नवा चढवू नका. आजचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन रिस्टोअर करून बघा आणि दोन-तीन पार्ट्यांची शिल्लक कागदाच्या वहीशी जुळवा.

नक्षीकाम | शुक्रवार, सायंकाळी ६.१५

डिझम, एसएफसी दोन्ही केलं. एसएफसीनं काही फाइली दुरुस्त केल्याचं सांगितलं. टॅली जुळली. २७ नक्ष्यांपैकी २५ बरोबर. एक उघडत नाही, तिची प्रत ईमेलमध्ये आहे. दुसरीच्या किनारीत एका रिपीटला रंगाचा पट्टा सरकलाय. ती सोमवारी मशीनवर चढणार होती.

डफरीनचौक | शुक्रवार, सायंकाळी ६.४०

जुनी प्रत असेल तर तिच्यावरून पुन्हा करा, बिघडलेली दुरुस्त करत बसू नका. दिसला तो एक पट्टा, न दिसलेलं आत काय आहे ते सांगता येत नाही. ईमेलमधली प्रतही कुठल्या तारखेची आहे ते बघून मगच वापरा.